इहीनबाईची कात्री

या दुनियेत "काहून" हा सवाल पहिल्यांदा कोनं इचारला, असं जर मले कोनी पुसलं, तं मी डोळे झाकून सांगीन, माह्या इहीनबाईनं. इहीन म्हंजे माह्या पोरीची सासू. उमरेडची, हातमागवाल्या घरची. जन्मली तवा ते रडलीच नसन. दाईकडे पाहून इचारलं असन, "बाई, नाळ काहून कापून राहिली?" आता मी पडली चौथी शिकलेली बाई. अर्धी जिंदगी नागपुरात, कळमन्याच्या मार्केटात फाटके पोते शिवन्यात गेली. मले सवाल इचाराची आदतच नाई. पोतं फाटलं का शिवाचं, दुःख आलं का त्याले सरकून जागा द्याची, बस. अन् माह्यासारखीच्या नशिबी हे असी इहीन.

माह्या पोरीले पाहाले आली तवाची गोठ. बाकीचे सोयरे इचारून राहिले, सैपाक येते का, कितवी शिकली. हे बाई चहाची बशी खाली ठेवून इचारते, "पोरी, भाकर गोल काहून करतात वं? चौकोनी काहून नाई?" माही पोरगी घाबरली, पन बोलली, "तवा गोल राह्यते म्हनून." "अन् तवा काहून गोल?" पोरगी म्हने, "काकू, भाकर गोल म्हनून." बैठकीतले मानसं हसाले लागले. मी पदर वढून घेतला, मनात म्हन्लं, गेली सोयरीक. तं हे बाई उठली, पोरीच्या हातात नारळ देल्ला अन् म्हने, "पोरगी पसंत. बाकीच्या पोरी चूप राह्यतात."

उमरेड-नागपूर एसटीचे सगळे कंडक्टर तिले वळखत. एका फाट्यावर गाडी रोज थांबे. तिथं ना गाव ना झाड, कोनी चढे ना कोनी उतरे. हे दर खेपेले इचारे, "भाऊ, गाडी इथं काहून थांबते?" एक कंडक्टर टाळे, दुसरा हसे, तिसरा म्हने, "माय, तुमी टिकट पाहा न." असे दोन वर्षं गेले. शेवटी एकानं हात जोडले, "माय, ड्रायव्हरची सासुरवाडी हाये तिकडं आत. त्याची बायको शेतातून गाडी पाह्यते. थांबली का समजते, मानूस खुशाल हाये." इहीनबाईचं समाधान झालं. तेवढ्यानं झालं असतं तं ठीक, पन तिनं ते साऱ्या गाडीले सांगलं. तवापासून गाडी त्या फाट्यावर थांबली का सारे पाशिंजर खिडकीतून हात हालवत, अन् ड्रायव्हर लाजून गाडी पळवे.

अशी सारं जग उकलून पाहनारी बाई, पन एका वस्तूले हात लावत नसे. कात्रीले. तिच्या घरी कात्री नव्हतीच. दुधाची पिशवी दातानं, दोरा दातानं, कापड हातानं. कोनतंही कापड द्या, काठाले दातानं एक चीर देऊन अशी टर्रकन फाडे का धाग्याले धागा सुटे, वाकडं जाची बिशाद नाई. तिच्या भाच्यानं उमरेडले साड्याचं दुकान काढलं, तवा मानानं हिले रिबन कापाले उभं केलं. ताटात कात्री, भवती सारे उभे, फोटोवाला तयार. हिनं कात्रीकडे पाह्यलं नाई. रिबनची एका टोकाची गाठ सोडली, मंग दुसऱ्या टोकाची, रिबनची चार पदरी घडी केली अन् भाच्याच्या हातात देल्ली. "घे बाबू, अजून एक दुकान काढशीन तं कामी येईन." मी इचारलं नाई काहून. तिनंच सांगलं. तिचा मालक, म्हंजे नवरा, म्हने, "एक एक धागा जुळवून आपन कापड करतो. जुळवनाऱ्याच्या घरच्यानं तोडाचं काम करू नये, ते दुसऱ्याचं काम." तो मानूस गेला तवा मागावर लुगडं अर्धंच झालं होतं. हिरवं, लाल काठाचं. दिरानं ते कापून उतरवलं, हे तोंड फिरवून उभी राह्यली. मंग माग गेला, दीर गेला, ते अर्धं लुगडं पेटीत राह्यलं. नेसाले अपुरं, टाकाले जीव होत नाई. दरवर्षी निंबाचा पाला बदलवे, उन्हं दाखवे, पुन्हा घडी घालून ठेवे. एकोनीस वर्षं.

आता आमची दोघीची एकच नात, पिंकी. माही लेक अन् जवाई लकडगंजात राह्यतात, तिथं पिंकी बाळंतपनाले आली होती, सातवा महिना. एक दिवस मले मोबाईलमधी एक गोधडी दाखवते. "आजी, असी शिवशीन माह्या बाळाले?" पाह्यते तं सारे चांदच चांद. नीट पाह्यलं तं समजलं, एक चौकोन, त्याच्या एका कोपऱ्यात पाव भाकर. असे चार चौकोन जोडले का मधात पूरा गोल चांद. आता मी गोधड्या काही कमी शिवल्या नाई. पन साऱ्या चौकोनाच्या, नाईतं पट्ट्याच्या. गोल जोड मी जिंदगीत शिवला नव्हता. तरी नातीसमोर मान खाली घालवत नाई. म्हन्लं, "येते न, त्यात का हाये एवढं." इहीनबाई बाजूले बसली होती. तिनं मोबाईल डोळ्याले लावला अन् म्हने, "हे टेंगूळ या खळग्यात बसते कसं? अन् बसते तं मंग उठून काहून नाई येत?" झालं. मले समजलं, आता हे बाई उमरेडले काही जात नाई.

अन् तसंच झालं. दोन दिवसाले आलेली बाई दोन महिने राह्यली. झोपे पोराकडे लकडगंजात, पन सकाळी डबा घेऊन कळमन्याले माह्या खोलीवर हजर. मी लेकीच्या घरी जाऊन शिवाले तयार नव्हती, लेकीच्या घरचं पानी किती दिवस घ्याचं? ते म्हने, "काहून? पानी तं नळाचंच हाये." पन येत राह्यली. पहिल्या दिवशी पिशवीतून जुन्या साड्या काढल्या, अन् साऱ्याच्या खालून ते अर्धं लुगडं. मांडीवर उलगडलं. घडीघडीवर कापड चिरत चाललं होतं. धरलं का जाळीसारखं दिसे. म्हने, "मधातले चांद याचे लावाचे. यंदा नाई झालं तं पुढच्या उन्हाळ्याले हे घडीवरच तुटून जाईन. त्याच्या पन्तीच्या अंगावर नाई आलं तं मंग कोनाच्या येईन?" मी म्हन्लं, "मंग द्या, कापते मी." तं लुगडं छातीशी धरलं. "तुमी पहिले गोल शिवाचं शिका. एवढुसं तं कापड हाये, यावर का शिकाचं हाये?" खरी गोठ हे नव्हती. खरी गोठ कात्रीची होती. मले बी समजली, तिले बी.

मंग जुन्या साडीवर सुरू केलं. मी हुशारी केली. स्टीलची वाटी उलटी ठेवली, साबनाच्या चिपेनं गोल काढला, कापला. वाटीभर भोक पडलं, वाटीभर चकती निघाली. चकती पुन्हा भोकात ठेवून पाह्यली, अशी बराबर बसली का मधात केस जाईन नाई. मी म्हन्लं, "पाह्यलं? एवढंसं तं काम." अन् शिवाले बसली. शिवून झालं तं चौकोनाचा झाला टोप. डोक्यावर घातला असता तं बसला असता. इहीनबाईनं खरंच घातला. "छान हाये, उन्हाळ्यात कामी येईन. पन असा काहून झाला?" मी म्हन्लं, "कापड खराब हाये." उसवलं, चकतीचे अन् भोकाचे चार-चार पाव केले, पुन्हा शिवलं. यावेळी एका बाजूले शेपूट निघालं. माही आदत पोत्याची. पोतं शिवाचं म्हंजे एका कानापासून दाभन घालाची अन् सरळ दुसऱ्या कानालोक वढत न्याची, मधात थांबाचं काम नाई. तसंच मी हे गोल एका टोकापासून वढत नेलं, अन् जे उरलं ते सारं दुसऱ्या टोकाले गोळा झालं. "इहीनबाई, तुमी पोतं शिवलं," ते म्हने. "यात तांदूळ भराचे का बाळ?"

आठ दिवस असेच गेले. मी शिवे, ते उसवे. माह्या बोटाले भोकं, तिच्या तोंडाले आराम नाई. रस्त्यानं जाता जाता ते गोल गोल वस्तू पाहून थांबे. सायकलवाल्याले थांबवून टायर रिंगात कसा बसते ते इचारलं. चपलावाल्याच्या बाजूले बसून तळव्याले वरचं चामडं कसं लावते ते पाह्यलं. त्यानं इचारलं, "माय, धंदा टाकता का?" "नाई बाबू, गोधडी." तो मानूस अजून मले पाह्यलं का मान हालवते.

मंग एक दिवस माह्या खोलीत पानी प्याले उठली अन् माठाजवळ उभीच राह्यली. गिलास हातात, पानी नाई घेतलं. मी म्हन्लं, "का झालं वं?" म्हने, "इहीनबाई, हे चुंबळ माठाएवढी हाये का?" मी म्हन्लं, "काहीचं का बोलता. चुंबळ माठाएवढी राह्यली तं माठ खाली नाई पडन का?" "तेच म्हनून राहिली मी," म्हने, अन् गिलास तसाच ठेवून धावतच आली. "तुमी भोक अन् चकती एकाच वाटीनं काढली. ठेवलं तवा बराबर बसलं. पन शिवताना चकतीचा काठ बोटभर आत गेला, भोकाचाबी बोटभर आत गेला. चकती झाली लहान, भोक झालं मोठं. मंग कसं बसन? चकती मोठ्या वाटीनं काढाले पाह्यजे, खळगा लहान वाटीनं!" मी हसली. बाई पागल झाली. मोठी वस्तू लहान भोकात? पन मोठी वाटी आनली, लहान वाटी आनली, काढलं, कापलं, पाव केले. बाजूबाजूले ठेवलं तं दिसाले अगदीच चुकीचं. टेंगूळ मोठं, खळगा लहान, एकमेकांकडे पाहून जसे भांडून राहिले.

शिवाले गेली तं खळग्याचा काठ पुरेच ना. वढला तं आकसे. त्याचा उलगडा झाला संत्र्यावर. मार्केटातून कोनी दोन संत्रे आनून देल्ले होते. इहीनबाईनं संत्रं सोललं, पन खाल्लं नाई. साल फरशीवर पालथी टाकून हातानं दाबून राहिली. साल काही सपाट होईना. मंग नखानं काठाकाठानं चिरा देल्ल्या, अन् साल फुलावानी पसरून गेली. माह्याकडे पाह्यलं. मी कात्री घेतली अन् खळग्याच्या काठाले बारीक बारीक चिरा देल्ल्या, शिवनीच्या अलीकडेलोक. काठ उघडला. पहिली टाचनी मधात लावली, हेही तिनंच सांगलं. कापड हातात घेऊन दाखवलं, "पाहा, उभं वढलं तं हटत नाई. आडवं वढलं तं थोडंसं. पन तिरपं वढलं तं आयकते. गोलाचा मध तिरप्यात येते, टोकं सरळात. मंग जो आयकते त्याले पहिले बसवाचं, हट्टी मंग येतात मागून." मधात एक टाचनी, दोन्ही टोकाले दोन, मंग बाकीच्या. बारीक धावदोरा. उलटवून हात फिरवला तं सपाट. पाव भाकर कोपऱ्यात जशी तव्यावर पडली तशी. इहीनबाईनं दहा वेळा हात फिरवला. मी म्हन्लं, "बस करा, घासून जाईन." म्हने, "तुमी पोत्यात जलम घालवला, मी मागाजवळ. दोघीले सरळच येत होतं वं. आज वाकडं आलं."

त्यानंतर काम भरभर झालं. जुन्या साड्याचे चवदा चांद तयार. मधातला एक बाकी राह्यला. तो लुगड्याचा. पहिले ते दोन-तीन म्हने, मंग म्हने, "एकच पुरे." मंग चार दिवस डबा घेऊन यावं, बसावं, लुगडं उलगडावं, घडी घालावी. तिकडं पिंकीचे दिवस भरत आले. पाचव्या दिवशी ते माह्या खाटेवर बसली. खाटेवर माही जुनी गोधडी. तिच्यातल्या पांढऱ्या चौकोनावर बोट ठेवून इचारलं, "हे कायचं कापड हाये?"

मी म्हन्लं, "माह्या घरच्यांच्या धोतराचं." ते मार्केटात हमाल होते. एक दिवस पोत्यांची थप्पी अंगावर आली. तीन वर्षं याच खाटेवर होते. तवाच मी दाभन हातात घेतली. पोरगी पोत्यांच्या ढिगावर झोपे, मी बाजूले शिवत बसो, तागाची कुस नाकातोंडात जाये. मंग ते गेले.

"धोतर कवा कापलं?"

"दुसऱ्या महिन्यात."

"काहून?"

"थंडी होती," मी म्हन्लं. "पोरगी लहान होती."

एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तिच्यापाशी दुसरा "काहून" नव्हता. त्या पांढऱ्या चौकोनावर हात फिरवत राह्यली. मंग उठली, वाटी घेतली, लुगड्याची चांगली जागा पाहून उलटी ठेवली, साबनानं गोल काढला. अन् मले म्हने, "द्या." मी कात्री देल्ली. बोटं कशी घालाची हेही तिले ठावं नव्हतं. अंगठा घातला तो चुकीच्या भोकात. मी तिचा हात हातात धरून बोटं बसवून देल्ली. मंग हात सोडला. कात्री कुरकुर करत गेली, थांबली, गेली. तिचे ओठ हालत होते. मालकाशी बोलत होती का धागे मोजत होती, मी इचारलं नाई. ते तिचं काम, मी मधात काहून जाऊ.

कापून झालं, चार पाव केले, तवा माह्या ध्यानात आलं. बाईनं घाबरून लहान वाटी घेतली होती. चकती लहान झाली. मी म्हन्लं, "इहीनबाई, हे नाई बसत. दुसरी कापू, कापड हाये अजून." तिनं कात्री खाली ठेवली. "नाई. पुन्हा नाई कापत मी. हेच लावा." मी म्हन्लं, "चुनी पडन." म्हने, "पडू द्या. पहिल्यांदा कापलं, थोडं तं वाकडं होईनच." मंग मी लावलं. खळग्याचा काठ उरला, तो गोळा करत, दाबत, जसा बसला तसा बसवला. चवदा चांद सपाट, अन् बरोबर मधातला हिरवा, त्याच्या एका बाजूले बोटाएवढी चुनी. उरलेलं लुगडं तिनं घडी न घालता गोल गुंडाळलं, का आता घडीवर चिरू नये. कापलेले वाकडे तुकडेही फेकू देल्ले नाई, पदराच्या टोकात बांधून नेले.

पिंकीले पोरगी झाली. इहीनबाई बारसं करून उमरेडले गेली ते गेलीच. आता गुडघे आयकत नाई, एसटीची पायरी चढवत नाई. पन रोज फोन. पोरगी कोन्या कुशीवर झोपते, कोन्या हाताची मूठ पहिले उघडते, शिंक आली तं एक का दोन. मी कधी सांगो, कधी म्हनो, "दूध उतू चाललं, ठेवते फोन."

परवा मीच सांगलं. म्हन्लं, इहीनबाई, एक गंमत हाये. पोरगी झोपाच्या पहिले हात फिरवत राह्यते गोधडीवर. एवढे सपाट चांद हायेत, त्याले हात लावत नाई. तुमची ते चुनी सापडली का मुठीत धरते अन् झोपून जाते. गोधडी फिरवून टाकली तरी शोधते.

तिकडून आला, "काहून?"

पहिलेची मी असती तं म्हन्लं असतं, मले का मालूम. पन मी खाटेवर बसली होती, पांढऱ्या चौकोनावर माहा हात होता. म्हन्लं, "मलेबी तेच समजून नाई राहिलं. तुमी या न पाहाले."

मंग म्हने, "पायरी चढवत नाई वं इहीनबाई."

"मंग मी येते पोरीले घेऊन. पिंकी येईन, मी येईन. गोधडी आनते."

"कोन्या गाडीनं?"

"सकाळच्या."

"बरं," म्हने. मंग फोन ठेवता ठेवता थांबली. "खिडकीजवळ बसजा. त्या फाट्यावर गाडी आता थांबते का नाई, तेवढं पाहून ठेवजा. तो ड्रायव्हर तं कवाचाच रिटायर झाला."

मी म्हन्लं, "पाहीन."